परदेशातले बाळ आणि बुऱ्हाणपूरची घुटी

ती घटना आजही आठवते ती वेखंडाच्या वासासकट. त्या प्रकरणातला सगळा मुद्देमाल एका चहाच्या कपात मावला असता, पण त्यापायी माझ्या ठाण्यात दिल्लीहून फोन येत होते, आणि ते कधी नव्हे ते मलाच मागत होते.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात ठाणे प्रभारी होतो. मध्य प्रदेशात ठाण्याच्या इन्स्पेक्टरला लहानथोर सगळे टीआय म्हणतात. बुऱ्हाणपूर अजून वेगळा जिल्हा झालेला नव्हता, कागद खंडव्याहून यायचे. जग एकमेकांना जोडले जाण्याची ती वर्षे होती. केळीच्या व्यापाऱ्यांची आणि मास्तरांची मुले संगणकाच्या नोकऱ्यांवर परदेशी जायला लागली होती. बाजारात पहिले सायबर कॅफे उघडले होते. ठाण्यात मात्र वायरलेस, एक काळा फोन आणि रोजनामचा एवढ्यावरच कारभार चालत होता.

मी सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाचा, छिंदवाडा जिल्ह्यातल्या एका मराठी गावचा. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही कला शाखेचा. रसायनाशी माझा संबंध शाळेतच संपला होता. हे आधी सांगतो, कारण या तपासात मला पावलोपावली विचारत जावे लागले. ज्यांनी न हसता समजावून सांगितले, त्यांचा मी आजही ऋणी आहे.

एका सकाळी हजेरी आटोपली होती. खंडव्याहून एक तरुण औषध निरीक्षक आला. इंदूरकडचा, घरी हिंदी बोलणारा, पण मराठी चांगली समजणारा आणि अडखळत बोलणारा. त्याने कागदांचा एक जाड गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. वरच्या सगळ्या पानांवर 'आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित' एवढेच होते. खरे पत्र अगदी तळाशी, इंग्रजीत.

"हे कोणी कोणाला लिहिलंय?" मी विचारले.

तो हसला. "सर, मी पण काल रात्री हेच शोधत होतो."

मग त्याने मला ती साखळी सांगितली. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिथल्या आरोग्य खात्याला कळवले. त्या खात्याने त्यांच्या देशाच्या औषध नियामकाला कळवले. पण त्या नियामकाचा अधिकार त्यांच्या सीमेपर्यंतच. बुऱ्हाणपूरच्या दुकानावर त्यांचा काय हक्क? म्हणून त्यांनी आपल्या राष्ट्रीय नियामकाला, दिल्लीला लिहिले. दिल्ली म्हणाली, देशी औषधांचे परवाने राज्य देते, म्हणून भोपाळ. भोपाळने खंडव्याला पाठवले. खंडव्यात हा एकटा निरीक्षक. तो नमुना घेऊ शकत होता, पण दुकानदाराने दार लावून घेतले तर काय करणार?

"म्हणजे एवढी मोठमोठी माणसं फिरून शेवटी आमच्याच दारात."

"सर, दार उघडायला शेवटी तुम्हीच लागता."

मला त्या पोराचे बोलणे आवडले. चहा मागवला आणि त्याला ते इंग्रजी पत्र मराठीत सांगायला लावले.

प्रकरण असे होते. बुऱ्हाणपूरची एक मुलगी लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशी गेली होती. बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळाने जरा बाळसे धरल्यावर परत गेली. तिकडे गेल्यावर बाळ मलूल होत गेले. पोट घट्ट, दूध ओकायचे, आणि एक दिवस त्याला झटके आले. रुग्णालयात रक्त तपासले तर त्यात शिसे निघाले. तिथल्या लोकांनी घराचा रंग तपासला, नळाचे पाणी तपासले. दोन्ही स्वच्छ. बाळाला काय काय देता, असे आईला विचारले. तिने खरे तेच सांगितले: दूध आणि घुटी. घुटीच्या वाटीत वाळलेल्या लेपात शिसे सापडले. उगाळून झिजलेल्या वेखंडावर, हळकुंडावर, मुरडशेंगेवरही सापडले. ती काष्ठौषधी बुऱ्हाणपूरची होती.

बाळावर उपचार चालू होते आणि ते सुधारत होते. पण तिथले बालकल्याण खाते म्हणत होते की विष कुठून आले हे कळल्याशिवाय बाळ घरी देता येणार नाही. आई रोज ठरलेल्या वेळी जाऊन, परिचारिका समोर उभी असताना, बाळाला पाहून येत होती. ते बाळ आईकडे केव्हा जाणार, हे आता बुऱ्हाणपूरच्या उत्तरावर अवलंबून होते.

पत्ता पाहून आमचे हवालदार एकदम सावरून बसले. "साहेब, हे तर बहनजींचं घर!"

बाळाची आजी ही निवृत्त शिक्षिका होती. गावातली निम्मी माणसे तिच्या हाताखालून गेलेली. हिंदीवाले तिला बहनजी म्हणत, मराठी घरांत ती बाई होती. आमच्या हवालदारांना तिने एकदा सगळ्या वर्गासमोर कोंबडा केले होते आणि ते अजून विसरले नव्हते.

"तुम्हीच चला मग ओळखीचे म्हणून," मी म्हणालो.

"साहेब, चोराच्या घरात एकटा शिरेन, पण बहनजींकडे तुम्ही पुढे व्हा."

बाईंना सगळे आधीच ठाऊक होते. लेक रोज फोन करायची. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितले नाही, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, पोरगी फोनवर नुसती रडते. बोलतच नाही. मी इथे बसून करू काय? घुटी मी बांधून दिली. दुकान मी दाखवते. चला आत्ता."

आणि त्या खरोखरच चपला घालून आमच्या पुढे निघाल्या.

दुकान चौक बाजाराच्या आतल्या गल्लीत होते. काष्ठौषधी, पूजेचे सामान, मसाले असे सगळे विकणारा म्हातारा पंसारी. बापापासून चालत आलेला धंदा. आम्हाला पाहून तो गादीवरून उठला नाही.

"साब, माझी घुटी खाऊन अर्धा बुऱ्हानपूर मोठा झाला. तुमचा हा हवालदार पण. त्याच्याकडे पाहून घुटी चांगली नाही असं वाटलं असंल तर गोष्ट वेगळी."

गल्लीत हशा पिकला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे.

निरीक्षकाने मात्र शांतपणे काम सुरू केले. त्याने पोत्यांतून प्रत्येक जिन्नस काढला, त्याचे चार सारखे भाग केले, पुड्या बांधल्या, लाख तापवली आणि मोहोर उठवली. एक भाग सरकारी प्रयोगशाळेला, एक न्यायालयासाठी, एक माल पुरवणाऱ्यासाठी, आणि एक त्याने पंसाऱ्याच्याच हातात ठेवला.

"हे मले कशाले?"

"प्रयोगशाळेचा निकाल पटला नाही तर हा तुम्ही दुसरीकडे तपासून घ्यायचा. तुमचा हक्क आहे."

पंसारी त्या पुडीकडे पाहतच राहिला. मीही. आम्ही पोलीस मुद्देमाल जप्त करतो तेव्हा त्यातला वाटा संशयिताला देत नाही. ज्याने हा कायदा केला त्याने कधीतरी दुकानाच्या गादीवर बसून विचार केला असला पाहिजे, असे मला वाटले. निकाल येईपर्यंत घुटी विकू नये असे निरीक्षकाने लिहून दिले. पंसाऱ्याने ते घेतले, पण त्याचा आवाज बदलला होता.

"लोक काय म्हनतील साब? पोरांना जहर देतो म्हनतील."

लोक ते म्हणायला लागलेच होते. संध्याकाळपर्यंत ठाण्यात तीन खबरी आले. एक म्हणाला पंसारी हळकुंडाला रंग देतो, दुसरा म्हणाला माल उंदीर मारायच्या औषधाशेजारी ठेवतो. तिसरा त्याच्या शेजारचाच दुकानदार निघाला. पोलीस ठाण्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकलो होतो: खबर आली की आधी पाहायचे, ती देणाऱ्याचे दुकान कशाचे आहे.

त्यानंतर बाई रोज सकाळी ठाण्यात येऊ लागल्या. हजेरी चालू असतानाच येऊन बाकावर बसायच्या. शिपाई आपोआप ताठ उभे राहायचे.

"उत्तर गेलं का?"

"बाई, प्रयोगशाळेचा निकाल यायचाय."

"तिकडे रोज एकच विचारतात तिला, म्हणे घरी कोणाला बाळ नको होतं का. असं विचारतात का कोणी आईला?"

मी त्यांना म्हणालो की विचारावे लागते. आम्हीही विचारतो. घरातले लहान मूल दगावले तर पहिला प्रश्न घरच्यांनाच असतो, आणि तो विचारताना आमचीही जीभ जड होते. बाई म्हणाल्या, "मग तुमच्या जिभेला लवकर हलकं करा."

निकाल आला. वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, काकडशिंगी, मुरडशेंग, सगळे स्वच्छ. शिसे नाही.

मला वाटले आता सुटलो. निरीक्षक म्हणाला, आता खरे अडकलो. दिल्लीतून उत्तर परदेशी गेले आणि तिकडून उलट प्रश्न आला: आमच्या वाटीत शिसे आहे, तुमच्या पोत्यात नाही, मग दुकानदाराने माल बदलला का? आणि बदलला नसेल, तर हे घरातच घातले गेले का? दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. आमचा स्वच्छ निकाल त्या आईच्या विरुद्ध चालला होता.

दिल्लीच्या कार्यालयात एक अधिकारी बाई होत्या. निरीक्षकाने कुठून तरी त्यांचा थेट नंबर मिळवला होता. पत्रे आपल्या वाटेने वर-खाली जात राहिली, पण काम त्या फोनवर व्हायला लागले. पत्राने अधिकार मिळतो. एकमेकांचा आवाज ओळखीचा झाला की मग कोणी अर्ध्या रात्रीही माहिती काढून देतो, हे मी तेव्हा पाहिले. त्या बाई निरीक्षकाला म्हणाल्या, तिकडची माणसे वाईट नाहीत, त्यांनाही बाळ घरी पाठवायचे आहे, फक्त त्यांना कारण द्या.

मी पंसाऱ्याला पुन्हा बोलावले. मारहाण नाही, दरडावणे नाही. बाकावर बसवले, पाणी दिले आणि तेच प्रश्न वेगवेगळ्या क्रमाने विचारत राहिलो. माल कुठून आला, पोते कधी उघडले, बाई आल्या तेव्हा काय काय दिले. खोटे बोलणाऱ्याची गोष्ट दर वेळी जास्त घोटीव होत जाते. या म्हाताऱ्याची दर वेळी जास्त विस्कटत होती. मध्येच त्याला एखादे गिऱ्हाईक आठवायचे, मध्येच बायकोचे आजारपण.

"साब, पोतं तेच हे. बदलून कुठं फेकू? तापीत?" मग हळूच म्हणाला, "ते पोरगं कसं हे आता?"

"बरं आहे."

"मग मायजवळ काऊन देत नाहीत?"

मी त्याला घरी पाठवले.

दोन साक्षीदार एकमेकांच्या उलट सांगतात तेव्हा नवखा अधिकारी ठरवतो की एक खोटा आहे. मीही बरीच वर्षे तसेच करायचो. पुढे पुढे कळले की दोघेही खरे असू शकतात. मग दोघांच्या मधली जागा जाऊन पाहायची. पोते खरे बोलत होते, वाटीही खरी बोलत होती. पोत्यापासून वाटीपर्यंत काय झाले, हे आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. तिकडच्यांनी आईला विचारले, काय दिले. आम्ही दुकानदाराला विचारले, काय विकले. कसे दिले, हे कोणी विचारलेच नव्हते.

खुनाच्या तपासात आम्ही आरोपीला घटनास्थळी नेऊन सांगतो, केलेस तसे करून दाखव. मी निरीक्षकाला घेऊन बाईंच्या घरी गेलो.

"बाई, नातवाला द्यायचात तशी घुटी आत्ता उगाळून दाखवा. सगळं तसंच."

"आता? बाळ नसताना?"

"आम्ही दोघं बाळं समजा."

त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. पदर खोचून खाली बसल्या, वाटीत दूध घेतले, घरातल्या वेखंडाचा तुकडा आणला. शेजारणीकडून मागवलेली सहाण समोर ठेवली आणि उगाळायला लागल्या. एक वळसा, दोन वळसे, हळकुंडाचे तीन. हात सफाईने चालला होता. मग थांबून म्हणाल्या, "खरं तर ही चालत नाही."

"का?"

"ही परक्याची. बाळाची सहाण वेगळी असते. ती पोरीबरोबर दिली मी. माझ्या आईची होती."

"वेगळी म्हणजे?"

"पाचवीला जी पुजली ती. आमच्याकडे पाचव्या दिवशी ज्या दगडावर सटवाई पुजतात, त्याच दगडावर वर्षभर घुटी उगाळायची. दुसऱ्यावर नाही. सटवाईची नजर राहते बाळावर."

आमच्या गावी पाचवीला माझी आई पाटा-वरवंटा पुजायची. हळद-कुंकू वाहायची, फुले ठेवायची, दुसऱ्या दिवशी पाटा धुऊन त्यावर चटणी वाटायची. म्हणून मी अगदी सहज विचारले, "बाई, तुमच्याकडे पूजा कशी करतात?"

"शेंदूर. तेलात कालवून पाच बोटं ओढायची, अशी." त्यांनी शेजारणीच्या सहाणेवर हवेतच बोटे ओढून दाखवली.

"आणि मग धुतात?"

"छे! सटवाईचा दगड घासून धूत नाहीत. फडक्यानं टिपायचं. उरलेलं हळूहळू दगडातच जिरतं."

माझ्या शेजारी निरीक्षकाचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले. मला अजून काही कळले नव्हते, पण त्याचा चेहरा कळला.

बाईंनी दोघांकडे पाहिले. "काय झालं? वर्गात पोरं अशी एकमेकांकडे बघायला लागली की मला कळायचं. बोला."

निरीक्षकाने पेन खाली ठेवले. मी म्हणालो, "सांग."

"बाई, पूजेचा शेंदूर," तो मराठी शब्द शोधत म्हणाला, "म्हणजे शिसंच असतं. शिशाची भुकटी. लाल."

 वाटीतल्या दुधावर घुटीचा पिवळा थर जमत होता, तो तिघेही पाहत राहिलो.

"म्हणजे तो रोज," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग हात पुसून उठल्या आणि खुर्चीवर बसल्या, शाळेत बसत असतील तशा. "साहेब, कागद काढा. माझं बयान घ्या."

"बाई, घाई नाही. थोडं पाणी घ्या."

"तिकडे घाई आहे. लिहा. दगड माझा. पूजा मी केली. शेंदूर मी लावला. दगड बाळाबरोबर मी दिला." मी लिहीत होतो. "पोरीनं विचारलं होतं मला, आई, हा साबणानं धुऊन नेऊ का म्हणून. मी रागावले तिच्यावर. तिकडे जाऊन साहेबीण झालीस का म्हटलं. हे लिहिलंत?"

"एवढं लिहायची गरज नाही."

"हेच लिहायचंय. बाकीचं नाही लिहिलं तरी चालेल."

मी लिहिले. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि सही केली. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. स्वतःला वाचवणारे, दुसऱ्याला अडकवणारे, मार टाळण्यासाठी दिलेले. सही करून एवढा मोकळा श्वास घेणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

आता प्रश्न आला शेंदराचा. शेंदूर त्याच पंसाऱ्याचा होता. पण औषध निरीक्षक म्हणाला, हे औषध नाही, मला नमुना घेता येत नाही. नगरपालिकेच्या अन्न निरीक्षकाला फोन केला, तो म्हणाला, ही खायची वस्तू नाही. आमच्याकडे थट्टेने म्हणतात, तापीत प्रेत सापडले की बुऱ्हाणपूरचा शिपाई ते पलीकडच्या जैनाबादच्या काठाकडे ढकलतो आणि जैनाबादचा इकडे. शेंदराचे तसेच झाले होते. तो कोणाच्याच हद्दीत नव्हता. शेवटी मी पंच बोलावले आणि पोलीस कायद्याने तो जप्त केला, राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला. निरीक्षकाने पुडी कशी बांधायची ते मला दाखवले आणि एक भाग पंसाऱ्याला द्यायला लावला, कायद्यात नसतानाही.

पंसारी घाबरून म्हणाला, "साब, शेंदूर तर एकदम खरा हे. मिलावट नाही."

"नसेल," मी म्हणालो. "तीच तर अडचण आहे."

दिल्लीला फोन बयान झाले त्याच दुपारी गेला होता. बयानाचे इंग्रजी निरीक्षकाने केले आणि फॅक्स सायबर कॅफेतून पाठवला, कारण आमच्याकडे यंत्र नव्हते. दिल्लीच्या बाईंनी भोपाळची वाट न पाहता तो पुढे सरकवला आणि भोपाळला नंतर रीतसर कळवले. तिकडे दगड ना औषध नियामकाचा, ना अन्नवाल्यांचा. तरी त्यांच्या आरोग्य खात्याची एक अधिकारी त्या मुलीच्या घरी गेली.

बाळ रुग्णालयात गेल्यापासून त्या मुलीने सहाण देवासमोर ठेवली होती. रोज तिला फुले वाहून ती बाळाला मागत होती. हे आम्हाला बाईंनी ठाण्यात सांगितले, फोन आल्यावर.

"ती अधिकारी आली, तिनं देव्हारा बघितला आणि बूट काढले म्हणे दारातच. मग विचारलं, मी याला हात लावू का. साहेब, परक्या देशातली बाई."

दगडाच्या रंध्रांत शिसे निघाले. पुढची तपासणी, उपचार, कागद हे सगळे काही दिवस चालले. मग एका सकाळी बाई आल्या, त्या बाकावर बसल्याच नाहीत. हजेरीच्या रांगेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दिलं. घरी आणलं तिनं."

हवालदारांनी टोपी काढली. तसा काही नियम नाही.

"आता माझ्यावर काय कारवाई?" बाईंनी मला विचारले.

"काही नाही."

"का नाही? चूक झाली ना?"

"बाई, याला कलम नाही."

"विचित्र आहे तुमचं पुस्तक," त्या म्हणाल्या. त्यांना शिक्षा न मिळाल्याचे खरेच वाईट वाटत होते.

प्रकरण तिथे बंद व्हायला हवे होते. पण त्याच साखळीतून आणखी एक पत्र उतरले, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगले पत्र तेच. तिकडच्या आरोग्य खात्याने विचारले होते: आमच्याकडे अशा आणखी आया असतील. आमच्या परिचारिकांनी त्यांना हे कसे विचारावे, म्हणजे त्यांचा अपमान होणार नाही आणि खरे उत्तर मिळेल? कृपया एक प्रश्न सुचवावा. दिल्लीने तोच प्रश्न आपल्या गावोगावच्या परिचारिकांसाठीही मागितला होता.

एका राष्ट्राच्या आरोग्य खात्याला बुऱ्हाणपूरच्या ठाण्याकडून एक वाक्य हवे होते. मी आणि निरीक्षक कागद घेऊन बसलो. बाईंना बोलावले. पंसारी बोलावल्याशिवाय आला आणि दाराशी उभा राहिला.

निरीक्षकाने लिहिले: आपण बाळाच्या पूजेत शेंदूर वापरता काय?

"नाही," बाई म्हणाल्या. "परक्या बाईनं असं विचारलं तर मी तोंडावर नाही म्हणून सांगेन."

मी सुचवले: घुटी कोणत्या दगडावर उगाळता?

"'साध्या' म्हणेल ती. तिला तो साधाच वाटतो."

"आन् शेंदूर खराब असतो असं काही लिहू नका," दारातून पंसारी म्हणाला. "लोक लपवून घेतील."

"मग काय विचारायचं?" निरीक्षक वैतागला.

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. "विचारूच नका. म्हणा, बाळाची घुटी कशी करता, मला जरा दाखवाल का? दाखवायला सगळ्यांना आवडतं. हात चालू लागला की बोलणं आपोआप येतं."

ते वाक्य खंडव्याला गेले, भोपाळला गेले, दिल्लीला गेले आणि समुद्रापलीकडे गेले. कोणीही त्यात शब्द बदलला नाही, हे मला दिल्लीच्या बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितले.

पोलिसात असताना मला वाटायचे की सत्य माणसे लपवतात आणि आपण ते बाहेर काढतो. या प्रकरणात कोणीही काही लपवले नव्हते. आईने खरे सांगितले, पंसाऱ्याने खरे सांगितले, दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांनी खरे सांगितले. प्रत्येक जण आपल्याला विचारलेल्या प्रश्नापुरते खरे बोलला. आमची खाती हद्दींवर उभी असतात आणि ते योग्यच आहे. नाहीतर रोज प्रत्येक जण प्रत्येकाच्या दुकानात शिरेल. पण बाळाच्या तोंडात काय जाते याला हद्द नसते. म्हणून खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कोणीतरी उभे राहावे लागते, आणि ते काम पत्राने होत नाही. ते फोनवरच्या दिल्लीच्या बाईने केले, बूट काढणाऱ्या त्या अधिकारी बाईने केले, आणि एका आजीने स्वतःविरुद्ध सही करून केले.

बदली होऊन जायच्या आधी मी आणि निरीक्षक बाईंच्या घरी निरोप घ्यायला गेलो होतो. शेजारच्या घरात पाचवी होती, बायकांची ये-जा चालली होती. मी विचारले, आता कशी पुजता?

"पुजते तर! पण शेंदूर नाही. हळदीनं."

निरीक्षकाला राहवेना. "हळद कुठून घेता, बाई?"

त्या आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्याने मात्र खरोखरच चिमूटभर हळद पुडीत बांधून घेतली; रंग खुलावा म्हणून हळदीतही कधी शिशाचा पिवळा रंग मिसळतात, असे म्हणाला. हळद खायची वस्तू होती, तिला खाते होते.